पडद्यावर आई दिसल्यास

ज्या दुलईला पाणी लावायचं नाही अशी आईची सक्त ताकीद होती, ती दुलई शनिवारी सकाळी मशीनमध्ये कोंबून भाषांतरकाराने दार लावलं, आणि पाऊण तासाने मशीन किंचाळायला लागलं.

किंचाळणं साधंसुधं नव्हतं. तीन शिट्ट्या, मग थोडी विश्रांती, मग पुन्हा तीन शिट्ट्या. भाषांतरकार दाढी अर्धी टाकून धावला. बायको त्याच्याआधी पोचली होती आणि मशीनच्या छोट्या काळ्या पडद्याकडे वाकून बघत होती.

"आई," ती म्हणाली.

भाषांतरकार दचकून दरवाजाकडे वळला. आई रविवारी संध्याकाळी यायची होती. दरवाजात कुणी नव्हतं.

"अहो, तिकडे कुठे बघताय? इथे. आय आणि ई. मशीनवर आलंय."

खरंच पडद्यावर एक उभी रेघ आणि तिच्या शेजारी इंग्रजी ई हे अक्षर लुकलुकत होतं. खाली गोल काचेमागे दुलई करड्या पाण्यात बुडून, काचेला गाल लावून बसली होती. भाषांतरकाराने दार ओढलं. दार हललं नाही. त्याने कृपया म्हटल्यासारखं हळूच ओढलं, मग गुडघा लावून ओढलं. दाराने दाद दिली नाही, पण गुडघ्याने दिली.

इथे भाषांतरकाराची ओळख करून द्यायला हवी. घरगुती उपकरणांबरोबर ज्या माहितीपुस्तिका येतात, त्या मराठीत आणण्याचं काम तो वीस वर्षं करत होता. इस्त्री, मिक्सर, पंखा, दाराची बेल, काहीही. या पुस्तिका कुणी वाचत नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याच जोरावर तो स्वाभिमानाने जगत होता. इमारतीत त्याला सगळे भाषांतरकारच म्हणत. बायकोही म्हणे, पण फक्त रागावली की.

आता दुलईचं. आई मोठ्या भावाकडे राहायची आणि वर्षातून एकदा इकडे यायची. यायची ती मोठी पिशवी घेऊन, आणि तिसऱ्या दिवशी तीच पिशवी उचलून निघायची. भांडण नाही, रुसवा नाही. "तुमच्याकडे सगळं बटणावर चालतं. मी नुसती बसून काय करू?" एवढंच म्हणायची. दादाकडे शिवणयंत्र होतं, परसात भाजीचे वाफे होते, कुणाचं ना कुणाचं बटण तुटलेलं असायचं. इथे तिच्या हातांना काही सापडत नसे आणि हात रिकामे राहिले की तिचा जीव रमत नसे. भाषांतरकाराला दर वर्षी तिला गाडीत बसवून परत येताना घशाशी काहीतरी यायचं, आणि तो ते खोकल्यावर घालवायचा. आई थकत चालली होती. या वेळी निदान पंधरा दिवस तरी तिला ठेवून घ्यायची, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

त्यासाठी मागची खोली आवरली, खिडकीशी खुर्ची ठेवली, आणि तिने त्याच्या लहानपणी शिवलेली दुलई नव्यासारखी स्वच्छ करून पलंगावर घालायची असा बेत केला. आईची ताकीद आठवली नाही असं नाही. पण तिच्या ताकिदींचं कारण विचारायचं नसतं, हा घरचा नियम होता. विचारायचं नाही म्हणजे पाळायलाच हवं असं थोडंच आहे, असा अर्थ त्याने लावला. अर्थ लावणं हा त्याचा धंदाच होता.

"पुस्तिका आण," तो भारदस्त आवाजात म्हणाला. आयुष्यात प्रथमच कुणीतरी माहितीपुस्तिका मागत होतं, आणि ते आपल्याच घरात, याचा त्याला त्या गडबडीतही थोडा आनंद झाला.

पुस्तिका मशीनबरोबर आलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, सहा वर्षं न उघडता पडून होती. त्याने मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"'पडद्यावर आई दिसल्यास घाबरू नये. प्रथम नळ उघडा असल्याची खात्री करावी. आई जात नसल्यास यंत्र बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा सुरू करावे. आई वारंवार येत असल्यास नियंत्रण मंडळाशी असलेला संबंध तपासावा.'"

"हे काय आहे?" बायकोने विचारलं.

"भाषा जरा कच्ची आहे," भाषांतरकार म्हणाला. "कुणीतरी नवशिका दिसतो. हे बघ, 'ढोल चूळ भरत असताना दार उघडू नये.' आणि हे, 'फिरकी घेण्यापूर्वी भाराची समजूत घालावी.' समजूत! काय माणसं असतात एकेक."

नळ उघडा होता. मशीन बंद केलं, पाच मिनिटं घड्याळ लावून दोघं समोर बसली, पुन्हा सुरू केलं. मशीनने एकदा गुरगुर केली, दुलईला अर्धा हेलकावा दिला आणि पुन्हा तीन शिट्ट्या मारल्या. आई गेली नव्हती.

शिट्ट्या ऐकून वरच्या मजल्यावरचे हेडक्लार्क खाली आले. त्यांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण कागद दिसला की त्यांचा हात आपोआप चष्म्याकडे जाई. त्यांनी पुस्तिका मुखपृष्ठापासून वाचायला घेतली. मशीनकडे त्यांनी बघितलंही नाही.

"तुम्ही चुकताय कुठे सांगू का?" शेवटी ते म्हणाले. "तुम्ही मशीनशी झगडताय. इथे स्पष्ट लिहिलंय, नियंत्रण मंडळाशी संबंध तपासावा. आणि वर नळाचा उल्लेख आहे. म्हणजे कुठलं मंडळ? पाणीपुरवठा नियंत्रण मंडळ. नव्या यंत्रांना त्यांची मंजुरी लागत असणार. तुमची जोडणी त्यांच्याकडे नोंदलेली नसणार, म्हणून वरून अडवलंय."

"वरून म्हणजे?"

"ते मला विचारू नका. हल्ली सगळं वरून होतं."

हे खरं वाटण्याजोगं नव्हतं. पण भाषांतरकाराचा एक दुबळेपणा होता. छापलेल्या वाक्यावर त्याचा विश्वास बसायचा, मग ते वाक्य कसंही असो. शिवाय मंडळाचं कार्यालय दोन गल्ल्यांपलीकडे होतं आणि शनिवारी बारापर्यंत उघडं असे. त्याने आधी मशीनच्या कंपनीला फोन लावला. एका अतिशय गोड मुलीने दुपारनंतर माणूस पाठवते, त्याआधी आमच्याकडून फोन येईल, असं सांगितलं. मग उरलेली दाढी तशीच ठेवून तो मंडळाकडे निघाला. हेडक्लार्क बरोबर आले, कारण अर्ज कसा करावा हे लोकांना कळत नाही असं त्यांचं मत होतं.

खिडकीमागच्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तक्रार काय?"

"आई," भाषांतरकार म्हणाला.

"आईचं काय?"

"आई येतेय. म्हणजे दिसतेय. पाणी आत येत नसेल तर ती दिसते, असं लिहिलंय."

बाईंनी समजूतदारपणे मान हलवली. त्या खिडकीशी दिवसभर सगळ्या प्रकारची माणसं येत असावीत. "जोडणी कुणाच्या नावावर आहे? आईच्या?"

"नाही हो, जोडणी माझ्या नावावर. आई मशीनवर."

"मशीन आईच्या नावावर," बाईंनी लिहून घेतलं. "मग अर्जावर आईची सही लागेल. आई स्वतः येऊ शकत नसतील तर संमतिपत्र. दोन साक्षीदार."

"अहो, आई आमची उद्या येणार आहे!"

"मग उद्या रविवार. सोमवारी आणा."

"बरोबर आहे," हेडक्लार्क हलकेच म्हणाले. "नियमात आहे ते." आणि एक साक्षीदार म्हणून त्यांनी तिथल्या तिथे सही करून टाकली.

हातात अर्धा भरलेला अर्ज आणि डोक्यात पूर्ण गोंधळ घेऊन भाषांतरकार घरी आला. आपण नेमके कशासाठी गेलो होतो, हे त्याला जिना चढताना आठवेना. मशीन शिट्ट्या मारतच होतं. बायकोने सांगितलं की तेवढ्यात तिने आणखी दोनदा बंद करून बघितलं. काचेमागची दुलई आता एका बाजूला सरकून फुगली होती. तिच्याकडे बघून भाषांतरकाराला मनापासून वाईट वाटलं. याच दुलईत गुरफटून त्याने गोवर काढला होता.

फोन वाजला. त्याने नावही न बघता उचलला आणि पलीकडून बाईचा आवाज आल्याबरोबर सकाळपासूनचं सगळं त्याच्या तोंडून बाहेर पडलं.

"हे बघा, आई सकाळपासून आलीय आणि जातच नाहीये! तीन वेळा बंद करून झाली. पाच-पाच मिनिटं वाट बघितली. शेजारी पण येऊन बघून गेले. आता मंडळवाले म्हणतात सही आणा. ते काही नाही, तिला घालवायची कशी तेवढं सांगा. उद्या माझ्याकडे माणसं यायची आहेत आणि मला ती घरात नकोय!"



"मी अजून निघालेसुद्धा नाहीये," आईचा आवाज आला.

भाषांतरकाराच्या तोंडचं पाणी पळालं. मशीनमध्ये मात्र भरपूर होतं.

"आई? अगं, तू नाही! ही आई वेगळी. ही आय ई आहे. म्हणजे मशीनची."

"कुणाची?"

"मशीनची आई. नाही, आई नव्हे, आय. आणि मग ई."

"सहीबद्दल काय म्हणालास? कसली सही?"

"ती तुझी. नाही, तुझी नाही, तिची. म्हणजे नियमाप्रमाणे तुझीच, पण..."

"कळलं," आई म्हणाली आणि फोन बंद झाला.

काय कळलं हे मात्र भाषांतरकाराला कळलं नाही. त्याने तीन वेळा उलट फोन केला. तिसऱ्या वेळी दादाने उचलला. तो एवढंच म्हणाला, "काय बोललास रे तिला? पिशवी भरायला बसली होती, आता खोलीचं दार लावून घेतलंय." भाषांतरकार मशीनसमोर फरशीवरच बसला. पंधरा दिवस राहायचं बाजूलाच राहिलं, आता ती या घराची पायरी चढेल की नाही याचीच खात्री नव्हती. त्याला रडू येईल असं वाटलं. भर दुपारी, मशीनच्या पुढ्यात, अर्ध्या दाढीने रडणं बरं दिसलं नसतं म्हणून तो पुन्हा पुस्तिका वाचू लागला.

चार वाजता मेकॅनिक आला. त्याने दार ओढून बघितलं नाही, नळ बघितला नाही. पडद्याकडे एकदा बघितलं आणि दोन बटणं एकदम दाबून धरली. पडद्यावर आकडे उजळले.

"इथे दोन आठ दिसायला पाहिजेत, साहेब. तुम्हाला काय दिसतंय?"

दुसरा आठ धडधाकट होता. पहिल्याची डावी बाजू आणि तळ अंधारात होता.

"हे दिवे गेलेत," मेकॅनिक म्हणाला. "म्हणजे तुमचा आय हा आय नाहीच. यू आहे. यूची डावी बाजू आणि बूड विझलंय, एकच दांडी उरलीय. यू ई म्हणजे वजन एका बाजूला गेलंय. जड काहीतरी घातलंय तुम्ही, पाणी पिऊन एका अंगाला बसलंय. फिरवायला गेलं की मशीन घाबरतं. पाण्याचा काही संबंध नाही."

"मग आई?"

"आई-बिई काही नाही."

"आणि नियंत्रण मंडळ?" भाषांतरकाराने हातातला अर्ज पुढे केला.

मेकॅनिकने अर्ज वाचला, पुस्तिका बघितली आणि त्याचा चेहरा फुलला. "अरे वा, हे पुस्तक आहे होय तुमच्याकडे! आमच्याकडे सगळ्या मेकॅनिकांनी जपून ठेवलंय. कामाचा कंटाळा आला की एक पान वाचतो." त्याने मशीनचं वरचं झाकण उघडलं, आत तळहाताएवढ्या हिरव्या पट्टीवर बोट टेकवलं. "हे बघा तुमचं नियंत्रण मंडळ. कंट्रोल बोर्ड. त्याची वायर हलली असेल तर बघा, एवढंच म्हणायचं होतं त्या माणसाला. काय एकेक माणसं! साहेब, तुम्ही काय काम करता?"

"लिखाणाचं," भाषांतरकार पुटपुटला.

कारण कंट्रोल बोर्ड हे शब्द कानावर पडल्याबरोबर त्याला सगळं लख्ख आठवलं होतं. सात वर्षांपूर्वी एका एजन्सीने त्याच्याकडे चारशे सुटी वाक्यं पाठवली होती. चित्र नाही, उपकरणाचं नाव नाही, मुदत दोन दिवस, आणि मराठीत एकही परकं अक्षर नको अशी अट. त्या अटीपायी आय ईची त्याने आई करून टाकली होती. पहिली शंभर वाक्यं त्याने लिफ्टची समजून केली. पुढे खळबळून काढण्याचा उल्लेख आला तेव्हा हे दाताच्या दवाखान्याचं असावं असं धरून त्याने चूळ लिहिली. मंडळाबद्दल तर त्याला त्या वेळी अभिमानच वाटला होता. नवशिका वगैरे कुणी नव्हता. तेरा वर्षांचा अनुभव असलेला हाच तो इसम, घाईत होता इतकंच.

बायको त्याच्याकडे बघत होती. तिला बहुधा कळलं होतं. ती "भाषांतरकार" म्हणाली नाही, एवढी तिची मोठी कृपा.

मेकॅनिकने मशीनच्या पायाशी असलेली छोटी खिडकी उघडून पाणी काढलं, कुलूप सुटलं, आणि तिघांनी मिळून दुलई बाहेर ओढली. ती अर्धीच आल्यासारखी वाटली. एका कोपऱ्यात सगळा कापूस गोळा होऊन दगडासारखा बसला होता आणि बाकीची दुलई म्हणजे नुसती रिकामी खोळ होती. भाषांतरकाराने ती खोळ दोन्ही हातांत धरली. दुलईत आता पांघरण्यासारखं काही उरलं नव्हतं.

नवे दिवे मंगळवारी बसवतो असं सांगून मेकॅनिक निघाला. त्याने दार उघडलं तर बाहेर आई उभी होती. खांद्याला मोठी पिशवी.

"आले," ती म्हणाली. "म्हटलं, घालवतोस कशी ते बघू तरी."

"आई, ते तुझ्याबद्दल नव्हतं गं! आईशपथ!" आणि मग भाषांतरकार बोलतच सुटला. उभी रेघ, विझलेले दिवे, हेडक्लार्क, खिडकीतल्या बाई, सगळं. क्रम उलटसुलट झाला. मध्येच तो म्हणाला, "ते पुस्तक मीच लिहिलंय," आणि शेवटी, "मी तुझी दुलई धुतली. तू नको म्हणाली होतीस आणि मी धुतली. तू आलीस की राहावीस म्हणून." असं म्हणताना त्याचा आवाज फुटला आणि ते खोकल्यावर घालवण्याचंही त्याला सुचलं नाही.

आईने पिशवी खाली ठेवली. दुलई हातात घेतली, कोपऱ्यातला गोळा चाचपला, मग रिकामी बाजू उजेडाकडे धरली. मेकॅनिकही जिन्यात थांबला होता.

"कधीतरी हे होणारच होतं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"हिला आतून टाकेच नाहीत." आईने हे दाराकडे पाठ करून, जरा आवाज उतरवून सांगितलं. "आड-उभे टाके घालावे लागतात, नाहीतर कापूस जागेवर राहत नाही. तुला तेव्हा गोवर आला होता, थंडी मरणाची. एका दिवसात कापूस भरला आणि चारी कडा शिवून तुझ्या अंगावर टाकली. पुढे टाके घालू म्हटलं, ते राहिलंच. सगळे म्हणायचे, काय दुलई शिवलीय! मी काय सांगणार? म्हणून पाणी लावू देत नव्हते कुणाला. धुतली की माझं बिंग फुटलं असतं."

भाषांतरकार तिच्याकडे बघतच राहिला. इतकी वर्षं ही बाई आपल्या शिवणाबद्दल एक शब्द ऐकून घेत नव्हती. आता ती खाली मान घालून दुलईच्या कडेशी चाळा करत होती, आणि तिचे कान लाल झाले होते.

"मी पण घाईतच होतो," तो म्हणाला. "दोन दिवसांत दिलं मी ते पुस्तक."

"दिसतंय," बायको म्हणाली.

आई हसली. मग तिने पदर खोचला आणि दुलई जमिनीवर पसरली. कापूस वाळवायला लागेल, पिंजायला लागेल, खोळीला एका बाजूने नवं कापड जोडावं लागेल, असं ती स्वतःशीच मोजू लागली. मग तिने दोरा मागितला. घरात दोरा नव्हता. सुईही नव्हती. याचं तिला इतकं बरं वाटलेलं भाषांतरकाराने कधी बघितलं नव्हतं.

"बारीक टाके घालायचे तर किती दिवस लागतील?" त्याने भीतभीत विचारलं.

"एकटीला? महिना तरी. डोळे पूर्वीसारखे नाहीत आता."

"घाई नको," भाषांतरकार म्हणाला.

तेवढ्यात दादाचा फोन आला. परवा न्यायला किती वाजता येऊ, असं तो विचारत होता. आईने कापसाच्या ओल्या गोळ्यावर एक हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला.

"परवा कसली येतेय?" ती जरा त्रासूनच म्हणाली. "इथे माझ्यावाचून सगळं अडलंय."

मग फोन ठेवून तिने दोघांना दोरा आणायला पिटाळलं.